'बुकल बुकल बुकललं' : फिर्यादीतल्या एका वाक्याच्या इंग्रजी भाषांतराचं प्रकरण

मूळ वाक्य असं आहे : "त्याने मला कठड्याजवळ खाली पाडून बुकल बुकल बुकललं आणि त्यात त्याच्या हातातलं कडं माझ्या भुवईवर लागलं."

लोअर परळमधल्या एका चाळीत, गॅलरीत ठेवलेल्या चपलांच्या कपाटावरून दोन शेजाऱ्यांची जुंपली. त्याच रात्री पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या फिर्यादीतलं हे वाक्य. माणसं आणि चाळ ओळखू येऊ नयेत म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत. वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतं. मराठीतून इंग्रजीत, तेही न्यायालयासाठी भाषांतर करणाऱ्यांना यातून काही हाती लागेल असं वाटतं. मारण्याची क्रियापदं आपण फार सैल हाताने वापरतो आणि त्याची किंमत जबाब देणारा माणूस मोजतो, कधी समोरचा आरोपी मोजतो.

फिर्याद संगणकावर टाइप केलेली, दोन पानी. तिची सुरुवात नेहमीच्या साच्यातली : "सदर इसमाने मला शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली." ही भाषा ठाणे अंमलदाराची. महाराष्ट्रात कुठल्याही ठाण्यात जा, ती हीच असते. वरचं वाक्य पुढच्या परिच्छेदात येतं आणि तिथे साचा मोडलेला दिसतो. लिहून घेणाऱ्याने कंटाळून म्हणा किंवा मन लावून म्हणा, फिर्यादीच्या तोंडचे शब्द तसेच उतरवले आहेत. असं वाक्य सापडलं की मी थांबून दोनदा वाचते. अख्ख्या कागदात त्या माणसाचा आवाज तेवढ्याच ठिकाणी उरलेला असतो.

गुन्हा दाखल झाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली, म्हणजे धोकादायक हत्याराने किंवा साधनाने दुखापत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कड्यामुळे हे कलम लागलं. कडं बाजूला ठेवलं तर उरते कलम ११५(२) मधली साधी दुखापत : एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. पण शिक्षेपेक्षाही एक फरक मोठा आहे. साधी दुखापत अदखलपात्र असते, इंग्रजीत नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे एनसी. मुंबईच्या चाळीतल्या माणसाला हा शब्द नीट माहीत असतो : "एनसी घेतली." एनसीत पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. ११८(१) दखलपात्र आहे, तिथे एफआयआर होतो आणि तपास सुरू होतो. म्हणजे कड्याने 'मारलं' की कडं 'लागलं', यावर सगळा डोलारा उभा होता.

आरोपी गुन्हा रद्द करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाचं कामकाज संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालतं. त्यामुळे मराठी कागद जोडायचा तर त्याला इंग्रजी भाषांतर लागतं. आरोपीच्या वकिलांनी जोडलेल्या भाषांतरात ते वाक्य असं होतं : "ही पुश्ड मी अँड हिट मी, अँड इन द स्कफल आय वॉज इंजर्ड नियर द आय." फिर्यादीच्या बाजूने उत्तर आलं, त्याला जोडलेलं भाषांतर वेगळ्याच हाताचं : "ही थ्रू मी डाउन अँड बॅटर्ड मी मर्सिलेसली विथ द मेटल बँगल इन हिज हँड."

एकाच वाक्याची ही दोन रूपं. पहिल्यात बुकलणं नाही, कडंही नाही. दुसऱ्यात निर्दयपणा आला आणि कडं हत्यार झालं. दोन्ही बाजूंच्या वकिलांचं अखेर एकमत झालं ते एवढ्यावर, की तिसऱ्या माणसाकडून भाषांतर करून घ्यावं आणि तेच दोघांनी मान्य करावं. तो कागद माझ्याकडे आला.

मराठीत काय म्हटलंय

इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्य उलगडून बघावं लागतं. आपण मराठीच बोलतो म्हणून ते आपल्याला आपोआप कळलं असं धरून चालतो आणि घोटाळा तिथेच होतो.

'मारणं' हा आपला सगळ्यांत रिकामा शब्द. एक चापटही मारणंच आणि जीव घेणंही मारणंच. पण त्याच्याभोवती जी क्रियापदांची गर्दी आहे, ती प्रत्येक वेळी काहीतरी जास्त सांगते : कशाने, कसं, किती वेळ. चोपणं म्हणताना सपाट वस्तू डोळ्यांसमोर येते, जमीन चोपायच्या लाकडी चोपण्यासारखी. तुडवणं पायांनी. बडवणं ढोलासारखं, दणदणीत. धोपटणं कपड्यांसारखं. कुटणं उखळात किंवा लालबागच्या मसाला कुटायच्या डंकावर, वस्तूचा चुरा होईपर्यंत. झोडपणं लांब लवचीक गोष्टीने किंवा वरून कोसळणाऱ्या कशाने तरी, म्हणून पाऊसही झोडपतो आणि कोकणात भाताच्या पेंढ्याही झोडपतात. ठेचणं दगडाने. आणि बुकलणं हे बुक्कीने, मिटलेल्या मुठीने, जवळून, पुन्हा पुन्हा.

बुकलणं एका फटक्याचं नसतं. "एकदा बुकललं" म्हटलं तरी त्याचा अर्थ एकच गुद्दा घातला असा होत नाही, एका प्रसंगी भरपूर गुद्दे घातले असाच होतो. क्रियापदाच्या पोटात आवृत्ती आहे. त्यावर फिर्यादीने ते तीनदा उच्चारलं आहे. मराठीत अशी द्विरुक्ती आली की ती संख्या सांगत नाही, न थांबणं सांगते. 'रड रड रडली', 'शोध शोध शोधलं' तसंच हे. बुकलणारा मध्ये थांबला नाही, खाली पडलेल्याला उठायला सवड मिळाली नाही, एवढं त्यात आहे.

काय नाही, तेही बघायला हवं. बुकलण्यातून परिणाम कळत नाही. रक्त आलं की नाही, हाड मोडलं की नाही, याबद्दल हे क्रियापद गप्प आहे. पाठीवर बुकललं तर अंगावर खूण राहीलच असं नाही. आपल्याकडे त्याला चपखल शब्द आहे, मुका मार. फिर्यादीला पालिकेच्या रुग्णालयात नेलं होतं आणि तिथल्या कागदावर दोन नोंदी होत्या : डाव्या भुवईजवळ छोटी फाटलेली जखम आणि सूज, आणि उजव्या बरगड्यांवर दाबल्यावर दुखणं. बरगड्यांवर वर काही दिसत नव्हतं. हा मुका मारच. संहितेच्या ११४व्या कलमात दुखापतीची व्याख्या शारीरिक वेदनेपासून सुरू होते. खूण दिसलीच पाहिजे अशी अट त्यात नाही.

आता तो रुग्णालयाचा कागद आणि 'बॅटर्ड मी मर्सिलेसली' शेजारी शेजारी ठेवून बघा. इंग्रजी वाचणारा न्यायाधीश किंवा उलटतपासणी घेणारा वकील काय म्हणेल? निर्दयपणे ठेचून काढलं म्हणता आणि अंगावर एक जखम आणि थोडं दुखणं? फिर्यादी वाढवून सांगतो आहे. वाढवून सांगितलं होतं भाषांतराने, आणि खोटा पडला असता तो माणूस. एफआयआर हा स्वतः ठोस पुरावा नसतो, पण फिर्याद देणाऱ्याची साक्ष खोडायला तो वापरता येतो. म्हणून जोरकस शब्द टाकून आपण आपल्या पक्षकाराला मदत करतो आहोत असं ज्या भाषांतरकाराला वाटतं, तो बहुधा विरुद्ध बाजूचं काम सोपं करत असतो.

इंग्रजीतली उमेदवार क्रियापदं

'हिट' आधीच बाद केलं. हिट हा एक फटका असतो, अनेक असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. आरोपीच्या बाजूने तो शब्द का निवडला असेल ते उघड आहे, पण बुकलण्यातली आवृत्ती पुसून टाकणं म्हणजे वाक्याचा अर्धा भाग पुसणं.

'बीट' चुकीचं नाही. आपल्या 'मारहाण'ला ते सर्वांत जवळचं, कारण त्यात आवृत्ती आहे. फक्त साधन नाही. काठीनेही बीट, पट्ट्यानेही बीट. या प्रकरणात साधन हाच वादाचा मुद्दा होता, म्हणून ते उघडं सोडणं मला परवडणारं नव्हतं.

'थ्रॅश'बद्दल मला एक गोष्ट फार आवडते. हा शब्द मळणीच्या 'थ्रेश'चाच भाऊ आहे. धान्य झोडपायच्या क्रियेवरून माणूस झोडपण्याचा शब्द इंग्रजीत आला, आपल्याकडेही झोडपणं भातालाही आणि माणसालाही. दोन भाषा एकमेकींना न विचारता शेतातून एकाच वाटेने आल्या. पण थ्रॅशमध्ये काठी, छडी, वेत डोकावतात, आणि शिक्षा देण्याचा भावही असतो, मास्तरांनी मुलाला झोडपावं तसा. शिवाय खेळातला दणदणीत पराभवही थ्रॅशिंगच. इथे ते बसत नव्हतं. 'पाउंड' कुटण्याच्या बाजूचं, जड आणि ठेक्यातलं, दारावर मुठी आपटणं किंवा छातीत धडधडणं. 'पेल्ट' तर लांबून फेकून मारण्याचं क्रियापद, दगडफेकीच्या बातम्यांत आपल्याला रोज भेटणारं.

'बॅटर'शी मात्र नीट बसून बोलायला हवं, कारण फिर्यादीच्या वकिलांचा तोच आग्रह होता. "मॅडम, बॅटर म्हणजे बदडणंच ना? मग बुकललं काय, बदडलं काय." बॅटरही आवृत्तीचंच क्रियापद आहे. त्याच्या शेवटी इंग्रजीतला तो प्रत्यय आहे जो 'क्लॅटर', 'फ्लिकर' यांतही पुन्हा पुन्हा घडणं सांगतो. जुन्या फ्रेंच 'बात्र' म्हणजे मारणं, त्यावरून ते आलं. पण इंग्रजीत बॅटर म्हटलं की मोडतोड दिसायला लागते. किल्ल्याचा दरवाजा फोडायचा ओंडका म्हणजे बॅटरिंग रॅम, वादळाने खिळखिळी झालेली बोट म्हणजे बॅटर्ड, चेपलेली जुनी सुटकेसही बॅटर्ड. म्हणजे परिणाम त्या शब्दात गृहीत आहे आणि साधन काहीही चालतं.

त्यात आणखी एक ओझं आहे. १९६२ साली अमेरिकेत डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या मोठ्यांकडून वारंवार मार खाणाऱ्या मुलांविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम' हा शब्द रूढ झाला. पुढे मार सहन करणाऱ्या बायकांसाठीही 'बॅटर्ड' वापरला जाऊ लागला. त्यामुळे कायद्याच्या कागदात माणसाला बॅटर्ड म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात महिनोन्‌महिन्यांचा छळ येऊ शकतो. आपल्याकडे एका रात्रीचा, गॅलरीतला, काही मिनिटांचा प्रसंग होता.

तिसरं कारण कायद्याच्या आतलं. इंग्लंडच्या कायद्यात 'बॅटरी' ही स्वतंत्र संज्ञा आहे, दुसऱ्याच्या अंगावर बेकायदा बळ वापरणं. मेकॉलेंच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली आणि १८६० साली मंजूर झालेली आपली दंड संहिता त्या शब्दाने गेली नाही. तिने बळ, गुन्हेगारी स्वरूपाचं बळ, 'असॉल्ट' आणि दुखापत अशी वेगळी मांडणी केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही तीच चालू आहे. जाता जाता : आपण मराठी 'मारहाण'ला सरसकट 'असॉल्ट' लिहितो, पण संहितेतला असॉल्ट स्पर्श न होताही पुरा होतो. मूठ उगारून अंगावर धावून गेलं आणि समोरच्याला आता मार बसणार असं वाटलं, की झाला. मार प्रत्यक्ष बसला असेल तर तेवढ्यावर थांबून चालत नाही.

उरलं 'पमल'. मुठींनी, जवळून, पुन्हा पुन्हा मारणं. परिणामाबद्दल गप्प. एका ठोशाला पमल म्हणता येत नाही, त्यासाठी 'पंच' आहे. बुकलण्याच्या चारही बाजू त्यात सापडतात, आणि मारण्याच्या क्रियापदांत इतकी नेमकी जोडी मला क्वचितच मिळाली आहे.

आरोपीच्या वकिलांची हरकत आली ती वेगळ्या दिशेने. "पमल हा पेपरातला शब्द आहे. रेन पमल्स मुंबई, असं लिहितात. कोर्टाच्या कागदात तो भडक वाटतो." वर्तमानपत्रं तो पावसाला, शेअर बाजाराला, गोलंदाजीला लावतात हे खरं आहे. मराठीत तिथे आपण पमलमागे धावतही नाही. पाऊस झोडपतो, गोलंदाजांची धुलाई होते, बाजार आपटतो. पण हे सगळे वापर लाक्षणिक आहेत. माणूस कर्ता, माणूसच कर्म आणि शेजारी मुठी, ही त्या क्रियापदाची घरची जागा. 'रिपीटेडली पंच्ड' असं सपाट लिहावं, अशी त्यांची सूचना होती. ती मी एका जागी घेतलीही. पहिल्या परिच्छेदातला ठाण्याचा साचा, 'हाताबुक्क्यांनी मारहाण केली', तिथे सपाट इंग्रजीच योग्य, कारण मूळही सपाट आहे. दुसऱ्या परिच्छेदात माणूस बोलतो आहे. तिथे त्याचं बोलणं इस्त्री करून ठेवायचा मला अधिकार नाही.

मग फिर्यादीच्या बाजूच्या ज्युनियर वकिलाने शब्दकोश काढला. मुलगा हुशार. पमल हा शब्द तलवारीच्या मुठीच्या टोकाला असलेल्या गोळ्यावरून, पॉमेलवरून आला आहे, हे त्याने शोधून काढलं होतं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ छोटं सफरचंद. सोळाव्या शतकात पात्याऐवजी त्या गोळ्याने हाणणं असा अर्थ होता, मग मुठींनी हाणणं असा झाला. "म्हणजे मॅडम, शब्दातच धातूची वस्तू आहे. मग कडं आपोआप आलंच की."

त्याच्या कष्टाचं मला कौतुक वाटलं आणि ते मी त्याला सांगितलंही. पण शब्द जिथून निघाला तो त्याचा आजचा अर्थ नसतो. आज इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पमल म्हणताना तलवार येत नाही, मुठी येतात. मराठीत 'मूठ' तलवारीचीही असते आणि हाताचीही, म्हणून कोणी मूठ उगारली तर त्याने तलवार उगारली असं आपण लिहीत नाही.

कड्याचं काय

खरा पेच इथे होता आणि तो क्रियापदाला लागूनच होता. फिर्यादीच्या बाजूच्या भाषांतरात 'विथ द मेटल बँगल इन हिज हँड' आलं. 'विथ' लावलं की साधन ठरतं, आणि बॅटर कोणतंही साधन स्वीकारतं, त्यामुळे वाक्य इंग्रजीत अगदी गुळगुळीत वाचलं जातं. पमलच्या शेजारी असं साधन ठेवून बघितलं तर ते लगेच खटकतं, कारण पमलच्या हातात आधीच मूठ आहे. मोकळ्या क्रियापदाने चूक दडवली होती.

मूळ मराठीत कडं हे कर्ता आहे : "कडं माझ्या भुवईवर लागलं." लागणं, मारणं नाही. दाराची कडी लागते, ठेच लागते, दगड लागतो. कोणी लावला ते सांगणं त्या रचनेत नसतं. आरोपीच्या वकिलांनी हे बरोबर हेरलं आणि लगेच पुढे गेले : मग 'अ‍ॅक्सिडेंटली' घाला. मी नाही म्हटलं. 'चुकून' हा शब्द फिर्यादीत कुठेही नाही. लागणं हेतूबद्दल मौन पाळतं, निर्दोष ठरवत नाही. मुठी चालवणाऱ्या हातात कडं आहे हे त्या माणसाला माहीत होतं की नव्हतं, त्याने त्याचा फायदा घेतला का, हे ठरवायला न्यायालय आहे.

आणि 'हातातलं'. हा छोटा शब्द दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटला होता. मराठीत हातातलं घड्याळ मनगटावर असतं, हातातल्या बांगड्या मनगटात असतात, हातातली अंगठी बोटात. अंगावर घातलेल्या वस्तूलाही आपण हातातलीच म्हणतो. काठी, दगड, सुरी हातातली म्हटली तर ती धरलेली. इंग्रजीत 'इन हिज हँड' म्हटलं की वस्तू मुठीत धरलेलीच दिसते. म्हणजे त्या एका 'इन'मुळे आरोपीने कडं मनगटातून काढलं, मुठीत धरलं आणि त्याने हाणलं, असं चित्र उभं राहतं. मूळ वाक्यात कडं काढल्याचा उल्लेख नाही. कड्याची रोजची जागा मनगट, म्हणून 'ऑन हिज रिस्ट'. बँगलही मी काढून टाकलं आणि 'कडा' तसाच ठेवून शेजारी 'अ मेटल रिस्ट बँड' एवढा खुलासा दिला. बँगल म्हटलं की काचेची बांगडी डोळ्यांसमोर येते आणि तिच्या वजनाचा अंदाजच चुकतो.

मध्ये फिर्यादीच्या वकिलांचा फोन आला. "तुम्ही फिर्यादीशीच बोलून घ्या ना. तो सांगेल कडं कसं मारलं ते." फिर्यादी पन्नाशीचा, बोलका माणूस असावा. त्याने हाताने करूनही दाखवलं असतं. पण मी त्याला भेटले असते तर जे ऐकलं असतं ते नवीन निवेदन झालं असतं, आणि ते माझ्या इंग्रजीत नकळत शिरलं असतं. माझ्यासमोर जो कागद आहे तोच मला दुसऱ्या भाषेत न्यायचा आहे. गॅलरीत त्या रात्री काय घडलं हे शोधणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम. कागदात संदिग्धता असेल तर इंग्रजीतही ती तेवढीच संदिग्ध राहिली पाहिजे. ती मिटवायची असेल तर पुरवणी जबाबाची वाट आहे.

दाखल झालेलं वाक्य

शेवटी जे दिलं ते असं : "ही थ्रू मी डाउन नियर द रेलिंग अँड केप्ट पमलिंग मी, अँड इन द कोर्स ऑफ इट द कडा ऑन हिज रिस्ट हिट माय आयब्राव."

'केप्ट' तिथे आलं ते द्विरुक्तीसाठी. पमलमध्ये आवृत्ती होतीच, पण तीनदा उच्चारलेल्या बुकलण्यातलं न थांबणं वेगळं होतं. 'पमल्ड अँड पमल्ड' करून पाहिलं, ते इंग्रजीत गोष्टीतल्यासारखं वाटलं. 'मर्सिलेसली' गेलं, कारण दया, निर्दयता असलं काहीच मूळ वाक्यात नाही. 'त्यात'साठी 'इन द कोर्स ऑफ इट'. दोन्ही गोष्टी एकाच झटापटीतल्या आहेत एवढंच त्यातून कळतं, एक दुसरीमुळे घडली असं कळत नाही.

पहिल्या परिच्छेदात आणखी एक दुरुस्ती करावी लागली. फिर्यादीच्या बाजूच्या भाषांतरात 'हाताबुक्क्यांनी'चं 'विथ किक्स अँड फिस्ट्स' झालं होतं. मूळ फिर्यादीत लाथ कुठेच नाही. लाथाबुक्क्या हा जोडशब्द डोळ्यांना इतका सवयीचा, की हाताबुक्क्या वाचतानाही लाथ ऐकू येते. ठाण्याच्या साच्यातली भाषा भाषांतरकाराला अशी गुंगी आणते, म्हणून साच्याची वाक्यं मी अक्षर अक्षर बोट ठेवून वाचते. एक लाथ वाढली की आरोपीच्या नावावर न केलेलं एक कृत्य चढतं.

दोन्ही बाजूंनी भाषांतर मान्य केलं, कोणीच खूश झालं नाही. फिर्यादीच्या वकिलांना कडं निसटल्यासारखं वाटलं. आरोपीच्या वकिलांना पमल जास्त वाटलं, आणि 'हिट माय आयब्राव'मध्ये कर्ता कडं असलं तरी हिट हे हिटच, असा त्यांचा शेरा होता. त्या शेऱ्यात थोडं तथ्य आहे. मराठी 'लागलं' जितकं निष्कर्ता आहे तितकं इंग्रजी 'हिट' नाही. 'कॉट माय आयब्राव' हा पर्याय होता आणि तो लागण्याच्या जास्त जवळ जातो. पण त्यात ओझरतं लागल्याची छटा येते आणि रुग्णालयाच्या कागदावर फाटलेली जखम होती. मी तो कागद भाषांतरासाठी वापरणार नव्हते, तरी त्याच्याशी भांडणारा शब्द मुद्दाम निवडायचाही नव्हता. आज पुन्हा करायला दिलं तर 'हिट' आणि 'कॉट' यांच्यात मी परत तितकाच वेळ घालवीन. 'केप्ट पमलिंग' मात्र बदलणार नाही.